नवीन (म्हणजे जुन्याच) घरात राहायला जायच्या आधी काय काय उरकून घ्यावं?

उंबरठा
नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचत असते पण आता डोक्यावरून पाणी जायला लागलंय म्हणून धागा काढतेय.

कर्वेनगरला रीसेलचा टू बीएचके घेतला. बिल्डिंग १९९४ ची, चार मजली, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. आधीच्या मालकांनी एवढ्या वर्षांत रंग सोडून कशालाच हात लावलेला नव्हता. आमचा प्लॅन साधा होता, टाइल्स बदलायच्या, किचनला ट्रॉल्या, रंग, आणि चला राहायला. बाथरूमची फरशी उखडली तर आतले जीआय पाइप इतके गंजलेले की नखाने खरवडलं तरी पापुद्रे निघतायत. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडले तर अर्थिंगची वायर फक्त किचन आणि गिझरला, बाकी सगळीकडे दोनच वायरी. मग काय, एकातून एक निघत गेलं आणि आता घराचा सांगाडा उरलाय.

आजची परिस्थिती: तोडफोड झाली, राडारोडा एकदाचा गेला (तीन मजले गोण्या खांद्यावरून, बिगारी लोकांना खरंच सलाम), भिंतींना झिऱ्या (वायरी-पाइपांसाठीच्या खाचा) मारून झाल्या, पाइप बसतायत. राहिलंय काय तर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, घरभर टाइल्स, ओटा, ट्रॉल्या, तीन बेडरूमची, सॉरी दोन बेडरूमची कपाटं, हॉलचं फॉल्स सीलिंग, खिडक्या, सेफ्टी डोअर, रंग. म्हणजे सगळंच.

आणि तारखा बघा. भाड्याच्या घराचं अॅग्रीमेंट ३१ मेला संपतंय, मालकांना मुलासाठी जागा हवीये त्यामुळे वाढवून मिळेल असं वाटत नाही. १७ मेपासून अधिक महिना, तो १५ जूनपर्यंत, सासूबाईंचं म्हणणं वास्तुशांत त्याच्या आधी झालीच पाहिजे. जूनच्या मध्यात शाळा. ईएमआय चालू आणि भाडंही चालू. कॉन्ट्रॅक्टरला विचारलं की "होऊन जाईल ताई" एवढंच उत्तर येतं, कधी होऊन जाईल ते नाही.

नवरा म्हणतो ऐंशी-नव्वद टक्के झालं की जाऊ, बाकीचं राहून करू. मला वाटतं गेलं की गेलं, मग सामानासकट त्या धुळीत कोण राहणार. तुम्ही काय केलंत? काय आधी व्हायलाच हवं आणि काय मागे ठेवलं तर चालतं?

चिंगी
राहून करू नका. राहून करू नका. राहून करू नका.

आमची फक्त कपाटं राहिली होती. "फक्त". सुताराने हॉलमध्ये कटिंगचं मशीन मांडलं आणि पुढचे कित्येक आठवडे पोह्यात भुसा, उशीवर भुसा, देवाच्या मूर्तीवर भुसा. लेकीला धुळीची अॅलर्जी आहे, तिला शेवटी आईकडे नेऊन ठेवलं. शिवाय आपण घरात असलो की कारागीर पण नीट काम करत नाहीत, दर तासाला आपण चहा देणार, ते गप्पा मारणार, दुपारी २ ते ४ सोसायटीत आवाज बंद, संध्याकाळी सहाला सामान आवरून जाणार. जे रिकाम्या घरात आठवड्यात होतं त्याला महिना लागतो.

साधा माणूस
माझं मत उलट आहे. आम्ही एकही फर्निचर न करता गेलो होतो. जमिनीवर गाद्या, कपडे बॅगांमध्ये, एक प्लास्टिकचं टेबल. सहा-आठ महिने राहिल्यावर कळलं की ज्या भिंतीला कपाट करणार होतो तिथेच दुपारचं वारं येतं, आणि टीव्हीची जागा बिल्डरच्या ब्रोशरप्रमाणे ठरवली होती तिथे पश्चिमेचं ऊन थेट स्क्रीनवर. सगळा प्लॅन बदलला. इंटीरियरवाल्याने थ्रीडी चित्र दाखवलं की आपण भुलतो, घर राहिल्याशिवाय कळत नाही.

पण हो, आमच्या भिंती फोडायच्या नव्हत्या. नवी बिल्डिंग होती. तुमची केस वेगळी आहे.

गोटी सोडा
नव्वद टक्के झालं की जाऊ म्हणणाऱ्या नवऱ्यांची संघटना काढावी म्हणतो. मी आजीव सभासद. आमच्याकडे पॅसेजच्या दिव्याला अजून होल्डर आणि बल्बच लटकतोय, मुलगा पहिलीत होता तेव्हापासून. आता तो दहावीचे क्लास शोधतोय.

सिव्हिल_८९
उंबरठाताई, मी याच धंद्यात आहे त्यामुळे जरा लांबण लावतो.

टक्के मोजू नका. नव्वद टक्क्यांना काही अर्थ नाही, उरलेले दहा कुठले ते महत्त्वाचं. दोन प्रकारची कामं असतात, ज्यात धूळ उडते किंवा पाणी लागतं ती, आणि बाकीची. पहिल्या प्रकारातलं एकही काम शिल्लक ठेवून राहायला जायचं नाही. दुसऱ्या प्रकारातलं सगळं शिल्लक राहिलं तरी चालतं. झिऱ्या, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल्स, ग्रॅनाइट, खिडक्यांच्या चौकटी, सीलिंग, पुट्टीला घासणी मारणं, ही पहिली. पडदे, दिवे, सेफ्टी डोअरची जाळी, शोकेस, मुलांचं स्टडी टेबल ही दुसरी. कपाटं मधली आहेत, त्याबद्दल खाली लिहितो.

आता क्रम. तुमच्या झिऱ्या उघड्या आहेत ना, आजच जा आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवर आहे ते दिसेल. उद्या आरसा लावायला ड्रिल मारताना याची किंमत कळेल. पाइप बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट. हातपंपासारखं मशीन असतं प्लंबरकडे, लाइन भरून प्रेशर देऊन रात्रभर ठेवायचं, सकाळी काटा खाली आला असेल तर कुठेतरी जोड गळतोय. गरम पाण्याला सीपीव्हीसीच हवा, साधा यूपीव्हीसी फक्त गारसाठी.

वायरिंग: लाइट-फॅनला दीड एमएम, सॉकेटला अडीच, गिझर नि एसीला चार, आणि प्रत्येक पॉइंटला अर्थिंग. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस आहे म्हणून विशेष सांगतो. एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) वायरीला वाचवते, आरसीसीबी माणसाला. इन्व्हर्टरची वेगळी वायर आत्ताच ओढा, एसी नंतर घेणार असलात तरी कॉपर पाइप आणि ड्रेनची जागा आत्ता. पलंगाच्या दोन्ही बाजूला सॉकेट, किचन ओट्यावर वाटतात त्यापेक्षा दोन जास्त, फिल्टरचा पॉइंट, वायफायची केबल हॉलपासून आतल्या बेडरूमपर्यंत. झिरी एकदा बुजली की विषय संपला.

झिऱ्या बुजवताना वर कोंबडीजाळी ठोकायला सांगा, नाहीतर वर्षभरात पाइपच्या रेषेत भेगा दिसतील. आणि प्लास्टरला पाणी मारायचं, किमान सात दिवस. इथेच घाईवाले फसतात. ओल्या प्लास्टरवर पुट्टी नि रंग मारला की पहिल्या पावसातच फुगे येतात. रंग कंपन्या स्वतः सांगतात नव्या प्लास्टरला साधारण महिना, २८ दिवस, वाळू द्या. एप्रिल-मेचं ऊन आहे ते तुमच्या बाजूने आहे, खिडक्या उघड्या ठेवा.

आता कपाटं आणि ट्रॉल्या. फॅक्टरीत बनणारं मॉड्युलर घेणार असाल तर ते लोक टाइल्स नि ओटा झाल्यावरच फायनल माप घेतात, मापानंतर महिना-दीड महिना धरा. म्हणजे तुमच्या तारखांना खरी अडकाठी तिथे आहे, रंगात नाही. त्यामुळे किचनच्या टाइल्स आणि ओटा सगळ्यात आधी उरका, हॉलच्या फरशा नंतर. साइटवर सुतार बसवून करणार असाल तर प्लाय कापणं, सनमायका चिकटवणं राहायला जायच्या आधी. फॅक्टरीतून आलेले तयार खोके जोडायचे असतील तर तुम्ही राहत असताना दोन-तीन दिवसात होतं, भुसा फार नसतो.

चिंगी
@सिव्हिल, "एमसीबी वायरीला वाचवते, आरसीसीबी माणसाला" हे फ्रिजवर चिकटवतेय.

मावशी_ठाणे
वास्तुशांत आणि राहायला जाणं या दोन गोष्टी एकत्र का बांधताय? आमच्याकडे टाइल्स बसल्या, देवघराची भिंत रंगवली, गॅस ठेवायला ओटा होता, एवढ्यावर अक्षय्य तृतीयेला कलश ठेवला, वास्तुशांत केली, दूध उतू घालवलं, घरच्या वीस माणसांना वरण-भात-जिलेबी, आणि दुसऱ्या दिवसापासून सुतार परत कामाला. राहायला दोन महिन्यांनी गेलो. गुरुजींना विचारलं होतं, ते म्हणाले दारं बसलेली हवीत, छप्पर हवं आणि चूल पेटायला हवी.

तुमच्या सासूबाईंना १७ मेच्या आत पूजा हवीये, सामानाचा टेम्पो नाही. नीट बोला त्यांच्याशी.

टेरेसवरची तुळस
मावशी, पण वास्तुशांत झाल्यावर घर रिकामं ठेवू नये म्हणतात ना? आमच्या आजेसासूबाई रोज कोणीतरी जाऊन दिवा लावलाच पाहिजे म्हणायच्या.

मावशी_ठाणे
मग लावा की दिवा. तसंही रोज एक फेरी साइटवर होतेच आहे. कारागिरांवर लक्षही राहतं आणि दिवाही लागतो.

गोटी सोडा
वास्तुपुरुषाला पण कळतं हो, सुतार उशिरा येतो ते.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. इकडे हाच घोळ वेगळ्या पद्धतीने होतो. आम्ही साठच्या दशकातलं घर घेतलं, किचन आणि दोन्ही बाथ काढले. इकडे टाउनशिपचा इन्स्पेक्टर भिंती बंद करायच्या आधी येऊन वायरिंग आणि प्लंबिंग बघतो, त्याचा स्टिकर लागल्याशिवाय ड्रायवॉल (भिंत बंद करायचे जिप्समचे बोर्ड) लावता येत नाही. तेव्हा वैताग आला होता कारण त्याच्या अपॉइंटमेंटसाठी काम थांबायचं. आता वरचं वाचून वाटतं बरं होतं, भारतात तो इन्स्पेक्टर आपणच व्हायचं, एवढाच फरक.

दुसरं म्हणजे इकडे १९७८ च्या आधीचं घर असेल तर जुन्या रंगात शिसं असायची शक्यता धरूनच चालतात, त्यामुळे घासणी चालू असताना लहान मुलांना घरात ठेवूच नये असं सांगतात. तुमच्याकडे पण जुने ऑइल पेंटचे दरवाजे-ग्रिल घासणार असतील तर मुलांना लांब ठेवा, नंतर ओल्या फडक्याने पुसून काढा, कोरडा झाडू नको.

आंबोळी
राजापूरकडचं सांगतो. वडिलांचं चिऱ्याचं घर, मागच्या वर्षी काढलं. फ्लॅटवाल्यांना मुहूर्ताची डेडलाइन असते, आम्हाला मृगाची. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत छप्पर बंद झालंच पाहिजे, नाहीतर नुसतं काम थांबत नाही, केलेलं पण जातं. कौलं उतरवली तेव्हा वासे वरून ठणठणीत दिसत होते, सुताराने पटाशीचं टोक लावलं तर वाळवीने आतून भुगा केलेला. नवे वासे, रिपा, परत तीच मंगळुरी कौलं धुऊन चढवली, फुटलेली तेवढी नवी. जुनी कौलं आत्ताच्यापेक्षा जाड आहेत, फेकू नका कोणी.

आम्ही मात्र आतलं सगळं सोडून राहायला गेलो. छप्पर, वायरिंग, संडास-बाथरूम आणि पश्चिमेच्या भिंतीचं बाहेरून प्लास्टर, एवढंच केलं. चिरा पाणी पितो, पावसाच्या तोंडची भिंत उघडी ठेवली तर आत रंग मारून काय उपयोग. आतला रंग पाऊस संपून भिंती सुकल्यावर दिवाळीच्या सुमाराला. त्या चार महिन्यांत कुठली भिंत ओल धरते ते पण कळलं.

साधा माणूस
आंबोळी, हेच म्हणतोय मी. एक पावसाळा घराबरोबर काढावा.

सिव्हिल_८९
कोकणात कबूल. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पावसाळा बघून रंग लावायचा म्हणजे ताईंनी दिवाळीपर्यंत पुट्टीच्या भिंतींना टेकायचं नाही. बाहेरची भिंत ओल धरत असेल तर तो सोसायटीचा विषय, आतून रंगवून जात नाही. तेवढी खिडक्यांखालची बाजू बघून घ्या, १९९४ च्या बिल्डिंगमध्ये छज्जा आणि भिंतीच्या सांध्यातून पाणी येतं.

वऱ्हाडी ठेचा
टाइल्स सगळ्या बदलल्याच पाहिजे का? नागपूरला आमच्या घरात जुनी मोझेक होती. कॉन्ट्रॅक्टर म्हणे काढून टाका साहेब, जुनाट दिसते. मी म्हटलं पॉलिश करून दाखव एका कोपऱ्यात. मशीन फिरवली, पाच-सहा प्रकारचे दगड लावून घासली, वरून पॉलिश. आता पाहुणे विचारतात ही कुठली इटालियन. आमच्या उन्हाळ्यात दुपारी चटई न टाकता त्यावर पडून राहता येते, व्हिट्रिफाइडवर ते सुख नाही. आणि फरशी फोडणं वाचलं म्हणजे मलबा वाचला, सिमेंट वाचलं, खालच्या शेजाऱ्याच्या शिव्या वाचल्या.

फक्त पॉलिश करताना घरभर राखाडी चिखल होतो, ते मात्र रिकाम्या घरातच.

अवांतर: शाळेचं टेन्शन तुम्हाला. आमच्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेवढाच उन्हाचा फायदा.

उंबरठा
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. ठेचा, आमची हॉलची मोझेक गेली हो, बेडरूमची अजून शाबूत आहे. आज संध्याकाळीच कोपरा घासून बघायला सांगते.

आता नवीन प्रश्न. बाथरूमचा जुना कोबा काढलाय, खाली स्लॅब दिसतोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वॉटरप्रूफिंगचं केमिकल दोन हात मारतो आणि परवा टाइल्स चालू करतो, पाणी भरून ठेवायची गरज नाही, "आजकालचं केमिकल चांगलं असतं". तारखा बघून मलाही मोह होतोय. काय करू?

सिव्हिल_८९
पाणी भरल्याशिवाय एकही टाइल लावू देऊ नका. बाकी कुठल्याही कामात घाई करा, इथे नाही.

दोन हात मारायचे ते पण एकावर एक आडवे-उभे, पहिला वाळल्यावर दुसरा. भिंत आणि स्लॅबचा कोपरा काटकोनात ठेवायचा नाही, मसाल्याने गोलाई करून त्यावर केमिकल चढवायचं, भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. नहाणी ट्रॅप (सांडपाण्याच्या जाळीखालचा भाग) आणि कमोडचा पाइप जिथे स्लॅबमधून जातो तो सांधा आधी नीट भरून घ्या, बहुतेक गळती तिथूनच असते, मोकळ्या स्लॅबमधून फारशी नसते. मग पाइपांची तोंडं बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ, आणि ४८ ते ७२ तास सोडून द्यायचं. उन्हाळ्यात थोडं उडून जाईल, तेवढं धरा. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमच्या छताचा आधी फोटो काढा आणि नंतर परत बघा. आधीचा फोटो विसरू नका, नाहीतर त्यांचा दहा वर्षं जुना डाग तुमच्या नावावर.

भरणीला (स्लॅब आणि टाइल्सच्या मधली भर) परत विटांचे तुकडे नको, वजन आणि पाणी दोन्ही धरतात. हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरा. भरणी झाल्यावर वरून परत एक कोट. टाइल्स लावून झाल्या की बादलीभर पाणी ओता, पाणी आपोआप जाळीकडे गेलं पाहिजे. कोपऱ्यात थांबलं तर ते कायम थांबणार.

टेरेसवरची तुळस
आणि लक्षात ठेवा, तुमच्या बाथरूममधून खाली गळलं तर तो खर्च तुमचा, सोसायटीचा नाही. गच्चीची गळती सोसायटी बघते, फ्लॅटच्या आतली ज्याची त्याने. आमच्या सोसायटीत यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे, दोघंही मिटिंगला येतात आणि सेक्रेटरींमार्फत बोलतात.

सासूबाईंसाठी बाथरूमला मॅट फिनिश टाइल घ्या, आणि कमोडजवळ धरायचा दांडा आत्ताच लावून घ्या, भिंतीत कुठे पाइप नाही ते फोटोत दिसतंय तोवर.

हिशेबनीस
पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून.

एक, कॉन्ट्रॅक्टरला तारखेप्रमाणे नाही, टप्प्याप्रमाणे पैसे. प्लंबिंग टेस्ट झाली एवढे, टाइल्स झाल्या एवढे. शेवटचे दहा टक्के राहायला जाऊन नळ, दारं, स्विच वापरून बघितल्यावर. हातात पैसे उरले नाहीत की "होऊन जाईल ताई" हे फोनवर पण ऐकू येत नाही.

दोन, माप कसं धरणार ते आधी लिहून घ्या. टाइल्सचं स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) रनिंग फुटाने की स्क्वेअर फुटाने, कपाटाचं दर्शनी माप की आतल्या कप्प्यांसकट, झिऱ्या बुजवणं वायरिंगच्या रेटमध्ये की वेगळं. भांडणं रेटवरून होत नाहीत, मापावरून होतात.

तीन, प्लायवर "मरीन" असं नुसतं छापलेलं बघू नका, आयएस ७१० चा शिक्का आहे का बघा. किचन सिंकखाली तोच, बेडरूमच्या कपाटाला तेवढा लागत नाही, तिथे पैसे वाचवा.

चार, दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज घेणार असाल तर त्याच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत वर्षाला ३० हजारांपर्यंतच मिळते, ती पण गृहकर्जाच्या २ लाखांच्या मर्यादेतच धरतात. सीएला विचारून मगच टॉप-अपची (चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज) उडी मारा.

पाच, जो आकडा ठरवलाय त्यावर पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा. जुन्या घरात भिंत उघडली की काहीतरी निघतंच, तुमचं पाइपांचं निघालंच की.

गोटी सोडा
आमचं भिंतीतून आधीच्या मालकांचं १९९१ चं लाइटबिल निघालं. भरलेलं होतं, सुदैवाने.

मावशी_ठाणे
कारागिरांच्या सुट्ट्या कोणी धरल्यात का? आमचे सुतार राजस्थानचे, रंगारी यूपीचे. एप्रिलमध्ये गव्हाची कापणी आणि लग्नं, "चार दिन में आता हूँ" म्हणून गेलेला माणूस तीन आठवड्यांनी आला. आत्ताच प्रत्येकाला विचारा गावाला कधी जाणार. आणि अॅडव्हान्स देऊन गावाला पाठवू नका, हे माझं कडक मत.

चिंगी
+१०० अॅडव्हान्सबद्दल.

आणि अजून एक, राहायला जायच्या आधी एक साफसफाई रंगानंतर आणि एक सामान यायच्या आदल्या दिवशी. मधे दोन-तीन दिवस जाऊ द्या, हवेतली बारीक धूळ खाली बसायला तेवढा वेळ लागतो. खिडक्यांच्या स्लायडिंगच्या खाचा टूथब्रशने. नवीन कपाटांना फेव्हिकॉल-सनमायकाचा वास असतो, दारं उघडी टाकून फॅन लावून ठेवा, लगेच कपडे कोंबू नका.

उंबरठा
अपडेट. पाणी भरलं. कॉन्ट्रॅक्टर तोंड वाकडं करून "तुमची मर्जी" म्हणाला. कॉमन बाथरूम कोरडं राहिलं, पण मास्टरच्या कमोडच्या पाइपाभोवती खालच्या काकूंच्या छताला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओल आली, रुपयाएवढी, आणि रात्री तिचा थेंब व्हायला लागला. काकूंनी मोबाइलच्या टॉर्चमध्ये दाखवला, खाली त्यांनी स्टीलचं पातेलं ठेवलं होतं. बरोबर सिव्हिल म्हणाले होते तोच सांधा. पाणी काढून सांधा खोदला, ग्राउटने परत भरला, परत कोट, परत पाणी. आता कोरडं आहे. टाइल्स लागल्या असत्या तर सगळं परत उखडायला लागलं असतं, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरचं तोंड आता सरळ आहे.

घरी पण बोलणं झालं. वास्तुशांत मेच्या पहिल्या पंधरवड्यात, मावशींच्या पद्धतीने, घरच्या घरी. सासूबाई लगेच हो म्हणाल्या, उलट मलाच म्हणाल्या की मी राहायला जाऊ कधी म्हटलं होतं. घरमालकांशी बोलले, पंधरा दिवस देतायत. फॉल्स सीलिंग रद्द केलं, हॉलची उंची तशीही फार नाही. बेडरूमची मोझेक ठेवतोय, कोपरा घासला तर आत पिवळे-हिरवे चिप्स निघाले, छान दिसतायत. किचनच्या टाइल्स आधी, माप या आठवड्यात जाईल. मुलांचं कपाट नंतर, फॅक्टरीचं. नवरा म्हणतोय म्हणजे शेवटी माझंच झालं ना, नव्वद टक्क्यांत जातोय. होय, पण कुठले नव्वद ते मी ठरवलं.

सिव्हिल_८९
उत्तम. आता टाइल्सचा माल येईल तेव्हा उतरवून घेतानाच प्रत्येक बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड बघा, सगळे एक हवेत. मोरबीहून येणाऱ्या मालात एकाच डिझाइनची दोन बॅचमध्ये छटा वेगळी निघू शकते आणि ते लावल्यावर दिसतं. मोजून दहा टक्के जास्त मागवा, एक बॉक्स माळ्यावर ठेवा. किचनच्या भिंतीला व्हिट्रिफाइड असेल तर नुसत्या सिमेंटच्या लगद्यावर नको, अॅडेसिव्हवर लावा, ती टाइल पाणी शोषत नाही म्हणून सिमेंट नीट धरत नाही. लावून झाल्यावर दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराने वाजवत फिरा, बद्द वाजली ती लगेच काढायला लावा.

लोणी धपाटे
धागा पूर्ण वाचला. आम्ही पण वारज्यात रीसेल घेतलाय, पुढच्या महिन्यात ताबा. उंबरठाताई, तुमच्या प्लंबरचा नंबर मेसेज कराल का? प्रेशर टेस्ट करणारा इकडे कोणी मिळेना.

उंबरठा
देते, पण आमचं काम संपल्यावर. तोवर त्याला दुसरी साइट मिळाली तर माझा नळ राहील. मेच्या मध्यात आठवण करा.